नोकरी सोडू का?

प्रश्न : बडोद्यात कंपनीत व्यवस्थापक आहे. नोकरी सोडून गरीब मुलांना वाचायला शिकवावं म्हणतो. योग्य ठरेल?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : राजीनामा तूर्त खिशातच ठेवा. मायक्रोसॉफ्ट सोडून ‘रूम टू रीड’ ही मुलांना वाचतं करणारी संस्था उभारणारे जॉन वुड मोहात पाडतात खरे, पण तुमच्याच शहरात पाहा. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, पालिका शाळांत मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोनेक तास शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी २००१ ते २००३ मध्ये या उपक्रमाची चाचणी घेतली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. म्हणजे शिकवायला अशा मुली पुरतात. तुमचा उपयोग हिशेब, प्रशिक्षण, निधी यांत अधिक. आधी वर्षभर शनिवारी अशा मुलांच्या वर्गात बसा. त्यासाठी गुजराती वाचता येतं ना? घरखर्चाची तजवीज झाली की पुन्हा लिहा.