हॉटेलात राहून आलात आणि ताप आला?

सुट्ट्या संपल्या की दवाखान्यात ताप-खोकल्याचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला मी विचारतो, "गेल्या दोन आठवड्यांत बाहेरगावी मुक्काम होता का?" बऱ्याच जणांना ही नुसती चौकशी वाटते. मला मात्र त्या उत्तरावरून औषध ठरवायचं असतं.

जुलै १९७६. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात 'अमेरिकन लिजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. मंडळी घरी परतली आणि न्यूमोनियाने एकामागून एक अंथरुणाला खिळू लागली. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, ३४ दगावले. कारण सापडायला जानेवारी १९७७ उजाडला. जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने शोधलेल्या त्या जंतूला पुढे 'लिजिओनेला' हे नाव मिळालं.

हा जंतू पाण्यात राहतो, पण शरीरात शिरतो श्वासावाटे. प्रवासात आपण आठवणीने सीलबंद बाटली घेतो आणि त्याच हॉटेलात बंद बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहतो. शॉवरचे सूक्ष्म तुषार, कारंजी, जकूझी आणि मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनासाठी गच्चीवर बसवलेले कूलिंग टॉवर, या त्याच्या वाटा. खोलीतल्या साध्या स्प्लिट एसीत थंडाव्यासाठी पाण्याचे तुषार उडत नाहीत, त्यामुळे त्याची भीती नको.

२० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचं साचलेलं पाणी याला मानवतं. म्हणून हॉटेलवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वीज वाचवायला गरम पाण्याची टाकी कोमट ठेवू नका. तिथलं पाणी ६० अंशांवर असू द्या, आणि हंगाम नसताना बंद राहिलेल्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा तरी सोडा. पाहुण्यांनी खोलीत शिरल्यावर गरम आणि गार, दोन्ही नळ काही मिनिटं वाहू द्यावेत. शॉवर सोडून आपण बाहेर थांबावं, दार लोटून घ्यावं. वाया जाणाऱ्या पाण्याची हळहळ मलाही वाटते, पण मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, धूम्रपानाची सवय असेल, स्टेरॉइड चालू असतील, तर एवढं कराच.

लक्षणं बहुधा दोन ते दहा दिवसांत, कधी त्याहून उशिरा दिसतात: जोराचा ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी, धाप. काहींना जुलाब होतात. वयस्कर माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि घरचे "तापात बरळतोय" म्हणून सोडून देतात. कृपया सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. औषधाच्या दुकानातून आणलेलं अमॉक्सिसिलिन इथे निरुपयोगी ठरतं, कारण हा जंतू आपल्याच पेशींच्या आत लपून वाढतो. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं तिथवर पोचतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. लघवीच्या तपासणीत या जंतूचा नेहमीचा प्रकार लवकर कळतो. ती 'निगेटिव्ह' आली तरी शंका फिटत नाही, म्हणून मुक्कामाची माहिती द्याच.

हा आजार सहसा एकापासून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाजवळ खुशाल बसा. आणि घरी झोपेत लावायचं सीपॅप यंत्र असेल, तर त्याच्या भांड्यात नळाचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड वॉटरच वापरा.