डोंगराच्या पोटातली वाट

युरोप खंडात स्वित्झर्लंड नावाचा एक लहानसा देश आहे. या देशाला समुद्र नाही. पुष्कळसा मुलूख डोंगराळ. त्या डोंगरांचे नाव आल्प्स. हिवाळ्यात उंच घाटांवर माणूस बुडेल एवढे बर्फ पडते.

तरीही या देशात फिरणे सोपे आहे. आगगाडी जिथे पोचत नाही तिथे टपालाची पिवळी मोटार जाते. आगगाडी आली की पुष्कळ ठिकाणी ती मोटार बाहेर उभीच असते. तिकीट दोन्हींचे मिळून एकच काढता येते. चढ फारच उभा असला तर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवतात. इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकते, म्हणून गाडी मागे घसरत नाही.

पण हे सुख फुकट मिळालेले नाही, बरं का. गोथार्डच्या बोगद्याची हकिकत ऐका.

गोथार्ड हा जुना घाट. घाटाच्या उत्तरेला जर्मन बोलणारे लोक, दक्षिणेला इटालियन बोलणारे. पूर्वी खेचरांवर माल लादून लोक हा घाट चढत. पुढे घोड्यांची टपालगाडी आली. १८७२ साली इथे १५ किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. एक टोळी गोशेनेन गावाकडून, दुसरी आयरोलो गावाकडून. मक्तेदार होता लुई फाव्र. आठ वर्षांत काम पुरे करीन, असा करार त्याने लिहून दिला होता. उशीर झाला तर दंड. मग घाई झाली, आणि घाईचा भार पडला मजुरांवर. मजूर बहुतेक इटलीतले गरीब लोक. बोगद्यात उकाडा, धूर, पायाखाली पाणी. १८७५ साली त्यांनी काम बंद पाडले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार जण मेले. १८७९ साली खुद्द फाव्र बोगद्यातच मरण पावला. १८८०च्या फेब्रुवारीत दोन्ही बाजू जुळल्या. फरक पडला एका हातापेक्षाही कमी! मोजणी करणाऱ्यांची कमालच म्हणायची.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट उघड झाली. मजूर पांढरेफटक पडत होते. चार पावले टाकली की धाप लागे. इटलीतल्या डॉक्टरांनी तपासले, तर आतड्यात बारीक जंत निघाले. हे अंकुशकृमी. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. बोगद्यात संडासाची सोय नव्हती. माणसे तिथेच आडोशाला बसत. विष्ठेतली अंडी ओल्या, उबदार मातीत फुटत आणि त्यांतले किडे कातडीतून अंगात शिरत. हेच जंत आपल्या ओल्या शेतांतही असतात, आणि अनवाणी पायांतून आत जातात.

१८८२ साली बोगद्यातून गाडी धावू लागली. काम चालू असता सुमारे २०० माणसे दगावली होती. आजारी होऊन घरी परतलेले आणि मग मेलेले यांत धरलेले नाहीत.

२०१६ साली त्याच डोंगराच्या तळातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. आगगाडीचा एवढा लांब बोगदा जगात दुसरा नाही. गाडी तो सुमारे २० मिनिटांत पार करते. जुना बोगदाही चालू आहे. त्यातून आयरोलोला उतरले की स्थानकापाशी काशाचे एक मोठे चित्र दिसते. विन्चेन्झो वेला या शिल्पकाराचे ते काम. मेलेल्या सोबत्याला मजूर डोलीवरून बाहेर नेत आहेत, असे ते चित्र आहे.