प्लग कापून पंपाची ताकद वाढत नाही
पेट्रोलवरचा फवारणी पंप ओढत नाही म्हणून काहीजण प्लगची वाकडी पट्टी कापतात, कानशीने घासतात. तसं करू नका. प्लग फक्त ठिणगी देतो. ताकद पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून येते.

इंजिन गार झाल्यावर प्लग काढून टोकाचा रंग बघा:
• तपकिरी: ठीक.
• काळी काजळी: एअर फिल्टर साफ करा, चोक बघा, टू-स्ट्रोकला ऑइलचं प्रमाण तपासा.
• पांढरट: इंजिन जास्त तापतंय. चालवू नका, मेकॅनिकला दाखवा. पिस्टन जळू शकतो.

गॅप पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. बहुतेक लहान इंजिनांना ०.६ ते ०.७ मि.मी. लागतो. नवा प्लग त्याच नंबरचा घ्या. औषध कालवण्याआधी पंप चालू करून बघा, म्हणजे कालवलेलं औषध वाया जाणार नाही.