जाम नटाशी भांडू नये

भाचेबुवा, रत्नागिरीच्या अंगणात दोन पावसाळे उभी असलेली तुझ्या आजोबांची गाडी तू स्वतः उघडणार म्हणतोस. उघड, हरकत नाही. फक्त खाऱ्या हवेने ब्रेकच्या नटबोल्टांचं काय केलंय ते चाक काढल्यावर दिसेल, आणि जिममध्ये कमावलेल्या दंडांना तिथे फारसं काम नाही.

१. काम शनिवारी काढ, पण गंज सोडवणारं तेल शुक्रवारी रात्रीच मार — गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि आट्यांत पाचरीसारखा बसतो. तेल आत झिरपायला वेळ लागतो. रात्री तेल पाजलं, सकाळी काम साजलं.

२. तेलाआधी बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घास — नाहीतर तेल वरचा चिखलच पिऊन टाकतं.

३. हे तेल डिस्कवर आणि लायनरवर उडू देऊ नको, जुनं फडकं आड धर — तेल प्यायलेला लायनर बदलावाच लागतो.

४. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले कर, मग जॅक लाव, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड दे. जाम बोल्टाला जोर लावताना गाडी हलतेच.

५. सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापर. बारा कोनांचा रिंग पाना दुसरा, उघड्या तोंडाचा पाना अगदी शेवटी — सहा कोनी गोटी बोल्टाच्या सपाट बाजू धरते, बाकीचे नुसते कोपरे कुरतडतात. बोल्टाचं डोकं गोल, कामाचं दुप्पट मोल.

६. बोल्टाच्या डोक्यावरची माती आधी टोकरून काढ — गोटी अर्धवट बसली की घसरते, आणि तुझी बोटं मडगार्डवर आपटतात.

७. आधी किंचित आवळून बघ, मग सोड — उलट्या दिशेच्या हिसक्यानेही गंजाची पकड तुटते. एकदा हलला की अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मध्ये तेलाचा थेंब. सरळ ओढत सुटलास तर आट्यातला भुगा पुन्हा अडकेल.

८. हातोडीचे ठोके बोल्टाच्या डोक्यावर मार, कॅलिपरवर नको — बिडाचा भाग वाकत नाही, तडकतो.

९. ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडलाय का ते बघ. हसू नको, अर्ध्या गॅरेजांत हीच गंमत चालते. ड्रमवर आट्याची दोन भोकं असली तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळ — ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो, तिरका अडकत नाही.

१०. डिस्क धरून ठेवणारा चपट्या डोक्याचा स्क्रू अडून बसला तर हातोडी मारली की फिरणारा स्क्रूड्रायव्हर आण. तोही हरला तर ड्रिलने स्क्रूचं डोकं उडव — डिस्क खरी दाबून धरतात ते चाकाचे नट, हा स्क्रू नुसता जोडणीच्या वेळचा सोबती.

११. ब्लीडरचा निप्पल पकडताना त्याच्या पोकळीत बसेल अशी ड्रिलची मागची दांडी घाल — पोकळ वस्तू दाबली की चिमते, आणि तो मोडला तर कॅलिपरच उतरवावा लागतो. ब्रेक पाइपच्या नटालाही तसाच मान: पाइप सोबत फिरायला लागला की थांब, त्याला पीळ पडला की नवाच घाल.

१२. उष्णता देण्याचा मोह आवर. कॅलिपरमध्ये रबराची सील असते आणि कोंडलेलं ब्रेक ऑइल तापलं की फुटून अंगावर येऊ शकतं. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरचा फवारा मारलेल्या जागी तर ज्योत अजिबात नको — त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. मोकळा करून टेबलावर घेतलेला ब्रॅकेट तापवणं वेगळं, आणि गाडीवर जोडलेल्या भागाला टॉर्च लावणं वेगळं.

१३. बोल्ट मोडलाच तर लगेच ड्रिल धरू नको, चहा पिऊन ये. मग अगदी मध्यभागी पंच मार आणि उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाड — कधी कधी ड्रिल करता करताच तुकडा बाहेर फिरून येतो.

१४. मोडलेला तुकडा बाहेर काढणारं ईझी-आउट हलक्या हाताने फिरव — ते कडक पोलादाचं असतं. आत तुटलं तर साध्या ड्रिलने कापलं जात नाही. तुकडा जरा बाहेर असेल तर वेल्डरकडे जा: तुकड्यावर नट जोडला की पकडही मिळते आणि उष्णतेने गंजही सुटतो.

१५. नवा बोल्ट जुन्याच जातीचा घे, डोक्यावरचे ८.८ किंवा १०.९ हे आकडे जुळव — पेटीतला बिनआकड्याचा बोल्ट ब्रेकला लावायचा नाही. घाईने फिरवा पाना, गावभर फिरून बोल्ट आणा. त्यापेक्षा आधीच दोन जास्तीचे घेऊन ठेव.

१६. जोडताना हब आणि डिस्कच्या मधल्या जागी ताप सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरव, स्लाइड पिनला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लाव — साध्या ग्रीसने रबर फुगतं. बोल्टाच्या आट्यांना मात्र गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच काही लाव, नाहीतर टॉर्क पाना खोटं बोलतो.

ब्रॅकेटचे किंवा कॅलिपरचे आटेच गेले असतील तर टेप गुंडाळून, वॉशर घालून जुगाड करू नको. नवा भाग घाल, नाहीतर जाणत्या मेकॅनिकच्या हाती दे. आणि सगळं झालं की गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप कर, मग अंगणातच चालण्याच्या वेगाने दोनदा ब्रेक मारून बघ. त्यानंतरच आजीला बसव.