ट्रॅक्टर वळवितांना घ्यावयाची दक्षता

बैलांचा नांगर शेताच्या टोकास आला म्हणजे बैल आपणच मंदावतात. बांधाची कड ढासळती वाटली तर पाऊल पुढें टाकीत नाहींत. यंत्रास ही बुद्धि नाहीं. आपल्या पालघर भागांत भाताच्या चिखलणीपासून भारे वाहण्यापर्यंत ट्रॅक्टर आतां रुळला आहे. तेव्हां बैलाची ती सावधगिरी चालविणारानें स्वतः अंगीं बाणविली पाहिजे. उलटलेला ट्रॅक्टर पुष्कळदां चालकाचा प्राण घेतो, म्हणून वळणाचा येथें थोडा विचार करूं.

ट्रॅक्टरचें इंजिन व आसन उंच असल्यामुळें त्याचा गुरुत्वमध्य मोटारीच्या मानानें बराच वर असतो. वळतांना केंद्रोत्सारी प्रेरणा त्यास बाहेर लोटते. वेग दुप्पट केला तर ही प्रेरणा चौपट होते. यावरून पहिला नियम निघतो: वेग वळणापूर्वीं कमी करावा, वळणांत शिरल्यावर नव्हे. कुरणांत फिरविण्याच्या लहान चारचाकी गाडीवर स्वार आंतल्या बाजूस झुकून तोल सांवरतो. ट्रॅक्टरच्या वजनापुढें असें झुकणें व्यर्थ आहे. येथें वेग हेंच काय तें आपल्या हातचें साधन.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मागील डाव्या व उजव्या चाकांस निरनिराळे ब्रेक असतात. शेताच्या टोकास आंतल्या चाकाचा ब्रेक दाबला कीं यंत्र थोड्या जागेंत वळतें. हीच सोय सडकेवर घातक होते. वेगांत एकच ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर त्या बाजूस झटक्यानें फिरतो व उलटूं शकतो. म्हणून शेताबाहेर पडण्यापूर्वीं दोन्ही पेडलें कडीनें जोडावीं. चिखलांत डिफरन्शियल लॉक लाविला असल्यास तोही वळण्यापूर्वीं सोडावा. नाहीं तर यंत्र सरळच ओढत जातें.

पावसाळ्यांत भिजलेल्या कडेवर विश्वास ठेवूं नये. शेजारचा चर जितका खोल, निदान तितकें अंतर राखूनच वळावें. विक्रमगड-जव्हारकडील उतारावर आडवें जातांना वळण घेणें झाल्यास तें चढाकडे घेऊं नये. तसें केल्यास बाहेर लोटणारी प्रेरणा व उतार हीं दोन्हीं एकाच दिशेस ओढतात. तोंड उताराकडे करून, लहान गिअरांत, अवजार शक्य तितकें खालीं ठेवून वळावें.

बोईसर-तारापूरच्या सडकांवर कारखान्यांच्या मालमोटारींची वर्दळ असते. तेथें ट्रॉलीची चाकें ट्रॅक्टरच्या मागोमाग न येतां वळण आंतून कापतात, हें ध्यानांत धरून वळण मोठें घ्यावें. भारे उंच रचूं नयेत. इशारा आधीं द्यावा. रात्रीं ट्रॉलीमागें तांबडे परावर्तक असावेत.

स्वीडनमध्यें सन १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या रक्षणाची मजबूत चौकट सक्तीची झाली व उलटण्यानें होणारे मृत्यु पुष्कळ घटले. अशी चौकट असल्यास पट्टाही अवश्य बांधावा. चौकट नसल्यास बांधूं नये. मडगार्डवर मात्र कोणासही, विशेषतः मुलांस, कदापि बसवूं नये. वळणावर वांचविलेल्या चार क्षणांनीं पीक वाढत नाहीं. गेलेला कर्ता पुरुष मात्र कोणत्याही हंगामांत परत येत नाहीं.