उंदीर नसलेलं समीकरण

चि. भाचीबाईंस,

बायोटेक घेऊनही कॅल्क्युलसने पिच्छा सोडला नाही, ही तुझी तक्रार पोचली. सूत्रांची वही तूर्त मिटून ठेव. १९२७ साली केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथींच्या गणितावर एक निबंध लिहिला. करोनाच्या काळात ज्याचा बोलबाला झाला ते एसआयआर मॉडेल त्यातलंच. केर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात डॉक्टरकी करून परतलेले. पडताळ्याला दोघांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली ते.

त्यांचं सूत्र सोबत पाठवतोय. आलेख हातानेच काढ. आठवड्याचे मृत्यू हा एकूण मृत्यूंचा डेरिव्हेटिव्ह, आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ हे इंटिग्रल. दोन्ही धडे एकाच कागदावर. शिखर येतं सतराव्या आठवड्यात, सुमारे ८९० मृत्यूंचं. तिथे स्पर्शिका आडवी, चढ शून्य. पोरं नेमकी इथे घसरतात. चढ शून्य झाला तो आठवडाच सगळ्यात भयंकर होता, हे पेन्सिल फिरवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

आणि गंमत बघ, त्या समीकरणात उंदीर नाहीत! प्लेग मुळात उंदरांचा, पिसवांमार्फत माणसाला होणारा, ऋतूप्रमाणे चढणारा-उतरणारा. ही उणीव त्या दोघांनी स्वतःच नोंदवली होती. रेघ आकड्यांवर चपखल बसली म्हणून साथीचं कारण कळलं असं मानू नकोस. माझ्या लेखी ही समज चेन रूल पाठ असण्यापेक्षा मोठी. (परीक्षेला चेन रूल लागेलच, तो टाळू नकोस.)

आता तुझ्या गावाचं उदाहरण. ठाणे शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १२.६ लाख, २०११ मध्ये १८.४ लाख. सरळ रेषेने गेलीस तर २०२१ ला २४.२ लाख येतात. वाढीची टक्केवारी तीच धरलीस तर जवळपास २७ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा उत्तर पुस्तकामागे सापडणार नाही. कल्याण-डोंबिवलीचा हिशेब मात्र जपून कर. २०१५ मध्ये २७ गावं महापालिकेत आली, तिथे आकडा एकदम उडी मारतो. उडीच्या जागी डेरिव्हेटिव्ह काढता येत नाही.

रविवारी डोंबिवलीला येताना प्लेगचा आणि ठाण्याचा असे दोन्ही आलेख घेऊन ये, आणि ठाण्याचा कुठला अंदाज तुला पटतो ते कारणासकट लिहून आण.

तुझा,
मामा