पुस्तक लिहिण्यासाठीही मानधन मिळतं

तारापूर एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असताना मुलगी समाजशास्त्रात एम.ए. आणि पुढे पीएच.डी. करायचं म्हणते, तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या वाणगाव-बोईसरकडच्या घरात एकच प्रश्न येतो : एवढं शिकून करणार काय? प्रश्न रास्त आहे. प्राध्यापकी हे त्याचं नेहमीचं उत्तर. दुसरं उत्तर फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे पीएच.डी.नंतरची लेखन-फेलोशिप.

ही फेलोशिप कशासाठी?

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्याचं वाचकांसाठी पुस्तक करायला निवांत वर्ष-दोन वर्षं लागतात. तासिका तत्त्वावर (सीएचबी) तास घेत फिरणाऱ्या नव्या डॉक्टरेटला ती मिळत नाहीत. फेलोशिप नेमका तो वेळ विकत घेऊन देते. जात, जमीन, श्रम, स्त्री-प्रश्न अशा विषयांवर मुळापासून विचार मांडणाऱ्यांना तर तिची अधिकच गरज असते.

प्रबंधाचं पुस्तक झालं की ते किती टिकतं, पाहा. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर 1973 मध्ये बर्कलीत पीएच.डी. मिळवली, 1976 मध्ये त्या प्रबंधाचं पुस्तक आलं आणि आजही त्याच्याशिवाय त्या विषयाचा अभ्यास पुरा होत नाही. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर. तिथल्या अभ्यासातून उभा राहिलेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 मध्ये छापून आला.

वाट आणि पैसा

- एम.ए.नंतर : नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली, तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.
- पीएच.डी. : नियमाने किमान तीन वर्षं, साधारण कमाल सहा.
- पीएच.डी.नंतर : यूजीसीने 2022 मध्ये डॉ. राधाकृष्णन पोस्टडॉक्टरल फेलोशिप जाहीर केली. महिना 50,000 रुपये, 900 जागा, त्यांतल्या 30 टक्के महिलांसाठी. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचीही (आयसीएसएसआर) पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. बंगळुरूचं न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारतावर पुस्तक लिहिणाऱ्यांना वर्षभर मानधन देतं. मराठीसह दहा भाषांतलं वैचारिक लेखन इंग्रजीत नेणाऱ्यांसाठी त्यांची सहा महिन्यांची, सहा लाखांची अनुवाद-फेलोशिपही आहे. तिच्या पहिल्याच फेरीत विचारवंत शरद पाटील यांच्या ‘मार्क्सवाद : फुले-आंबेडकरवाद’ची निवड झाली होती. म्हणजे उत्तम मराठी येणं हीसुद्धा इथे पात्रताच.

विषय कुठे शोधायचा?

दिल्लीला जाऊन नव्हे. 1945 चा वारल्यांचा उठाव याच मातीतला. त्यावरच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ते कुठल्याही पदवीसाठी लिहिलं नव्हतं. 1969 पासून वीज देणारा तारापूरचा अणुप्रकल्प, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेलं बालशिक्षणाचं काम, आता वाढवणचं बंदर, सगळं तासाभराच्या परिघात. वाणगावच्या वाड्यांत मिरची तोडायला येणाऱ्या बायकांची मजुरी कोण आणि कशी ठरवतं, हा प्रश्न नीट विचारला तर त्यात अख्खी पीएच.डी. आहे. जुनी सरकारी कागदपत्रं मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात पाहता येतात. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आहे. वाणगावहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं.

आत्तापासून काय करावं?

अशा फेलोशिपच्या अर्जात सहसा कामाचा आराखडा, लेखनाचा नमुना आणि शिफारसपत्रं मागतात. गुणपत्रिकेपेक्षा नमुन्याचं एखादं प्रकरण जास्त बोलतं. म्हणून बी.ए.पासून महिन्याला एक टिपण लिहायची सवय लावा. मराठीत विचार पक्का करा आणि तोच इंग्रजीत मांडायला शिका. मुलाखती घेताना तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची परवानगी नोंदवून ठेवा.

पालकांसाठी

ही नोकरी नव्हे. मुदत संपली की मानधन थांबतं, स्पर्धा मोठी असते आणि सरकारी हप्ते कधीकधी रखडतात. घरावर कर्ज असेल तर जेआरएफ हाती येण्याआधी पीएच.डी.चा हट्ट नको. नेट-सेट, अनुवाद, पत्रकारिता, सामाजिक संस्थांमधलं संशोधन अशी दुसरी बाजूही भक्कम ठेवा.

मात्र निर्णय फक्त पगाराच्या आकड्यावरही घेऊ नका. एम.ए.च्या शेवटी मुलीला पंधरा पानांचा एक लेख लिहायला सांगा आणि तो एखाद्या कडक शिक्षकाला दाखवा. लाल शाईने भरून आलेला तो कागद पाहून ती पुन्हा लिहायला बसली, तर तिला ही वाट धरू द्या. कंटाळून बाजूला ठेवला, तर एम.ए.च्या जोरावर दुसरी वाट शोधायला तेव्हा अजिबात उशीर झालेला नसतो.